साडेसहा महिन्यांचे अपघात आणि एका दिवसाचा राजीनामा : एका नौदलप्रमुखाच्या नेतृत्वाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाचा आवाका

२६ फेब्रुवारी २०१४ रोजी भारतीय नौदलाचे प्रमुख अ‍ॅडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी पदाचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी संध्याकाळी केंद्र सरकारने तो मंजूर केला. त्याच पहाटे मुंबईजवळच्या समुद्रात ‘आयएनएस सिंधुरत्न’ या पाणबुडीत धूर पसरला होता आणि दोन अधिकाऱ्यांचा शोध लागत नव्हता. आधीच्या काही महिन्यांत घडलेल्या अपघातांची नैतिक जबाबदारी स्वीकारून प्रमुखांनी पद सोडले, असे संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. त्यांचा कार्यकाळ संपायला त्या वेळी सुमारे दीड वर्ष बाकी होते. राजीनामा देऊन खरोखर पायउतार झालेले ते पहिले भारतीय नौदलप्रमुख ठरले.

या घटनेवर आजही दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मतानुसार जोशी यांनी सार्वजनिक जीवनातील उत्तरदायित्वाचा दुर्मीळ आदर्श घालून दिला. दुसऱ्या मतानुसार वादळ ऐन भरात असताना त्यांनी सुकाणू सोडले. प्रस्तुत अभ्यासाचा रोख थोडा वेगळा आहे. त्या दिवशी एक नव्हे, दोन निर्णय झाले. राजीनामा देण्याचा निर्णय जोशींचा होता आणि तो काही तासांत स्वीकारण्याचा निर्णय सरकारचा होता. चर्चा बहुधा पहिल्याच निर्णयाची होते. माझ्या मते अधिक तपासण्याजोगा निर्णय दुसरा आहे.

मृत्यू पावलेले अधिकारी व नौसैनिक, तसेच ज्यांच्यावर खातेनिहाय कारवाई झाली ते कमांडिंग अधिकारी, यांची नावे येथे जाणीवपूर्वक वगळली आहेत. उच्चपदस्थांचा उल्लेखही शक्य तेथे पदनामानेच केला आहे.

पार्श्वभूमी : अधिकारी

जोशी यांचा जन्म १९५४ चा. १ एप्रिल १९७४ रोजी त्यांना नौदलात कमिशन मिळाले आणि पाणबुडीविरोधी युद्धतंत्र हे त्यांचे खास क्षेत्र ठरले. शत्रूच्या पाणबुड्या हुडकण्यात हयात घालवलेल्या अधिकाऱ्याची कारकीर्द स्वतःच्याच पाणबुड्यांच्या अपघातांमुळे अर्धवट राहावी, हा योग चमत्कारिक म्हणावा लागेल. ‘कुठार’ ही कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका), ‘रणवीर’ ही विनाशिका आणि मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची ‘विराट’ ही विमानवाहू नौका या तिन्हींचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे पूर्वेकडील ताफा, अंदमान-निकोबारची तिन्ही दलांची संयुक्त कमांड, एकात्मिक संरक्षण मुख्यालय आणि अखेरीस मुंबईस्थित पश्चिम नौदल कमांड अशा पायऱ्या चढत ३१ ऑगस्ट २०१२ रोजी ते नौदलप्रमुख झाले. ज्या गोदीत पुढे सर्वांत मोठा अपघात झाला, ती गोदी ज्या कमांडच्या अखत्यारीत येते त्याच कमांडचे ते आधी प्रमुख होते, ही बाब ध्यानात ठेवायला हवी. मुंबई गोदीच्या अडचणी त्यांना दिल्लीला येणाऱ्या कागदांवरूनच कळत होत्या असे नव्हते.

मोजके पण थेट बोलणारे अधिकारी, अशी त्यांची ख्याती होती. डिसेंबर २०१२ मध्ये नौदल दिनानिमित्त झालेल्या पत्रकार परिषदेत दक्षिण चीन समुद्रातील भारतीय तेलहितांच्या रक्षणाबद्दल विचारले असता, गरज पडल्यास नौदल तेथे जाण्यास सज्ज आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यावरून राजनैतिक वर्तुळात खळबळ उडाली आणि त्या उत्तराची धार कमी करण्यासाठी सरकारला सारवासारव करावी लागली. काहींना या उत्तरात आत्मविश्वास दिसला, तर काहींना अननुभव. नेतृत्वाविषयीचे मतभेद राजीनाम्याच्या दिवशी अचानक उगवले नव्हते, एवढे यावरून कळते.

पार्श्वभूमी : व्यवस्था

या प्रकरणाचा अर्थ लावायचा तर नौदलप्रमुखाच्या हाती नेमके काय असते, हे पाहिले पाहिजे. जहाजे चालवणे, माणसे घडवणे, मोहिमा आखणे आणि चुकल्यास शिक्षा करणे हे सारे त्याच्याकडे असते. मात्र १९६१ च्या कार्यविभागणी नियमांनुसार देशाच्या संरक्षणाचा विषय संरक्षण विभागाकडे, म्हणजे प्रशासकीयदृष्ट्या संरक्षण सचिवाकडे सोपवलेला आहे. नवी पाणबुडी घेणे, मोठ्या दुरुस्तीचे कंत्राट देणे, महागडे सुटे भाग मागवणे यांच्या फायली तेव्हा साउथ ब्लॉकमध्ये, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीत, नौदल, मंत्रालय आणि वित्त सल्लागार यांच्यात फिरत राहत. त्या किती काळ फिराव्यात, हे प्रमुख ठरवू शकत नसे.

पाणबुड्यांच्या बाबतीत हा विलंब किती साचला होता, हे आकड्यांवरून दिसते. नौदलाकडे रशियन बनावटीच्या ‘सिंधुघोष’ वर्गाच्या दहा आणि जर्मन रचनेच्या ‘शिशुमार’ वर्गाच्या चार पाणबुड्या होत्या. त्यांतील बहुतेक १९८६ ते १९९४ या काळात ताफ्यात आल्या होत्या. ‘सिंधुरत्न’ १९८८ ची. पाणबुडीबांधणीचा तीस वर्षांचा आराखडा १९९९ मध्ये मंजूर झाला. माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पिन पाणबुड्या बांधण्याचा करार व्हायला २००५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळणे अपेक्षित असताना ‘कलवरी’ प्रत्यक्षात डिसेंबर २०१७ मध्ये सेवेत आली. दरम्यान जुन्या पाणबुड्यांचीच पुन्हा पुन्हा डागडुजी करून गस्त चालू ठेवायची, एवढेच नौदलाच्या हाती उरले होते.

या पाणबुड्यांच्या पोटात काय असते, हेही थोडे पाहायला हवे. ‘सिंधुघोष’ वर्गाच्या पाणबुडीत जलरोधक कप्पे सहा असतात. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते आणि बॅटरीचे दोन संच, प्रत्येकी १२० सेलचे, पहिल्या आणि तिसऱ्या कप्प्याच्या तळाशी बसवलेले असतात. चार्जिंगच्या वेळी त्या सेलमधून हायड्रोजन वायू सुटतो. तो वेळीच बाहेर काढला नाही तर एक ठिणगीही पुरेशी असते. आग किंवा धूर दिसताच त्या कप्प्याची दारे दोन्ही बाजूंनी बंद करून तो उरलेल्या पाणबुडीपासून तोडायचा, हा पाणबुडीवरचा पहिला नियम. आत माणसे असली तरी दार लावावे लागते, आणि पाणबुडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते.

समस्या कशी उभी राहिली

ऑगस्ट २०१३ चा दुसरा आठवडा नौदलाच्या इतिहासात विलक्षण ठरला. १० ऑगस्टला ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीची अणुभट्टी कार्यान्वित झाली. १२ ऑगस्टला कोचीच्या गोदीत स्वदेशी विमानवाहू नौका ‘विक्रांत’चे जलावतरण झाले. त्यानंतर १३ आणि १४ ऑगस्टच्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’मध्ये स्फोट झाले आणि ती धक्क्यालाच बुडाली. तीन अधिकारी आणि १५ नौसैनिक, असे १८ जण तीत दगावले. ही पाणबुडी काही महिन्यांपूर्वीच रशियातील मोठ्या दुरुस्तीनंतर परतली होती आणि स्फोटाच्या वेळी गस्तीवर निघण्याच्या तयारीत, शस्त्रसज्ज स्थितीत होती. शांततेच्या काळात भारतीय नौदलावर ओढवलेला हा सर्वांत भीषण प्रसंगांपैकी एक होता. गढूळ पाण्यात, वाकलेल्या पोलादातून वाट काढत पाणबुडे मृतदेहांचा शोध घेत राहिले. पाणबुडी वर काढायला २०१४ चा जून महिना उजाडला.

त्या दिवशी जोशी संरक्षणमंत्र्यांसह मुंबईत आले आणि पत्रकारांना स्वतः सामोरे गेले. सर्व कार्यरत पाणबुड्यांची दोन टप्प्यांत सुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. शस्त्रप्रणाली, प्रशिक्षण आणि ठरलेल्या कार्यपद्धती यांची छाननी तीत अपेक्षित होती. येथवरची हाताळणी चोख होती, याबद्दल टीकाकारांचेही फारसे दुमत नाही.

खरी अडचण हिवाळ्यात सुरू झाली. डिसेंबर २०१३ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीत ‘कोकण’ या सुरुंगशोधक नौकेला आग लागली. त्याच महिन्यात रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ ‘तलवार’ या युद्धनौकेची मच्छीमार नौकेशी टक्कर झाली. मच्छीमार नौका बुडाली, माणसे वाचली. मुंबईत ‘तरकश’ धक्क्याला घासली. जानेवारीत ‘बेतवा’च्या सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रणेच्या) आवरणाला तडा गेल्याचे आणि ‘विपुल’च्या सांगाड्याला भोक पडल्याचे उघड झाले. १७ जानेवारीला शस्त्रांसह परतणारी ‘सिंधुघोष’ मुंबई बंदरात शिरताना ओहोटीमुळे गाळात रुतता रुतता वाचली. महिना संपता संपता विशाखापट्टणमजवळ ‘ऐरावत’ ही नौका उथळ पाण्यात टेकून तिच्या पंख्यांचे नुकसान झाले, आणि तिच्या कमांडिंग अधिकाऱ्याकडून नौकेची सूत्रे काढून घेण्यात आली.

या यादीतील प्रत्येक घटना वेगळी आहे, हे नमूद करणे भाग आहे. धक्क्याला घासणे आणि दारूगोळ्याचा स्फोट यांची कारणे एक नाहीत, आणि जगातल्या कोणत्याही मोठ्या नौदलात किरकोळ टकरी होतच असतात. पण वृत्तवाहिन्यांवर त्या एकाच पट्टीत, क्रमांक घालून दाखवल्या जाऊ लागल्या. ‘आणखी एक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. संरक्षणमंत्र्यांनीही नाराजी जाहीर केली. अशा वेळी प्रमुखापुढे दोन वेगळे प्रश्न असतात: अपघात खरोखर वाढले आहेत का, आणि लोकांना ते वाढले आहेत असे का वाटते? पहिल्याचे उत्तर देण्यासाठी अपघातांची एकत्र, वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारी आणि त्यातून धडे काढणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. नौदलात ती तेव्हा नव्हती. या उणिवेकडे मी पुन्हा येणार आहे.

२६ फेब्रुवारीची पहाट

‘सिंधुरत्न’ दुरुस्तीनंतरच्या सज्जता-तपासणीसाठी समुद्रात होती. तपासणी असल्यामुळे पश्चिमेकडील पाणबुड्यांचे प्रमुख कमोडोरही तीवर होते. पहाटे पाण्याखाली असतानाच तिसऱ्या कप्प्यात, नौसैनिकांच्या निवासाच्या भागात, धूर पसरला. दारे बंद करून तो कप्पा वेगळा करण्यात आला आणि पाणबुडी पृष्ठभागावर आणण्यात आली. सात नौसैनिकांना हेलिकॉप्टरने कुलाब्याच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात हलवण्यात आले. दोन तरुण अधिकाऱ्यांचा हिशेब लागत नव्हता. ते बंद कप्प्यात होते. कप्प्यातला धोका आटोक्यात ठेवण्याच्या प्रयत्नातच त्यांना मृत्यू आला आणि त्यामुळे उरलेले सर्वजण वाचले, हे नंतर स्पष्ट झाले.

पाणबुडीच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या, अशा बातम्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पुढे चौकशीत आगीचे मूळ तिसऱ्या कप्प्यातील केबलमध्ये असल्याचे आणि कार्यपद्धती पाळण्यात कसूर झाल्याचे पुढे आले. पण हे सारे नंतरचे. राजीनामा लिहिला गेला तेव्हा आगीचे कारण कोणालाच माहीत नव्हते, आणि त्या दोघांचे काय झाले हेही निश्चित कळलेले नव्हते.

समोरचे पर्याय

त्या सकाळी नौदलप्रमुखांसमोर कोणते मार्ग होते? त्यांच्या मनात काय चालले होते ते आपल्याला ठाऊक नाही; पण पदाच्या चौकटीत राहून पाहिले तर निदान चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग नेहमीचा होता: चौकशी मंडळ नेमावे, दोषी ठरतील त्यांच्यावर कारवाई करावी आणि कामाला लागावे. सिंधुरक्षकनंतर हेच झाले होते. नियमांच्या दृष्टीने या मार्गात काहीच गैर नव्हते. मात्र सहा महिन्यांत कमांडिंग अधिकाऱ्यांवर एकापाठोपाठ एक कारवाई होत असताना सर्वांत वरची व्यक्ती प्रत्येक वेळी न्याय देणाऱ्याच्या आसनावर बसलेली दिसली, तर खालच्या थरांत त्याचा काय अर्थ लावला जाईल, हा प्रश्न उरत होता. जहाजावर काहीही चुकले तरी कॅप्टन जबाबदार, ही नौदलाची शतकानुशतकांची शिस्त. ती फक्त जहाजापुरतीच लागू आहे का?

दुसरा मार्ग संपूर्ण ताफ्याची कामे काही दिवस थांबवून तपासणी करण्याचा होता. सुरक्षेच्या दृष्टीने कदाचित हाच सर्वांत उपयोगी पर्याय असता. पण आधीच कमी असलेल्या पाणबुड्या धक्क्याला बांधून ठेवायच्या म्हणजे किनाऱ्याची राखण उघडी टाकायची, आणि ऑगस्टमध्ये सांगितलेल्या तपासण्या पुरेशा ठरल्या नाहीत याची कबुलीही द्यायची.

तिसरा मार्ग संघर्षाचा. पाणबुड्यांच्या दुरुस्त्या, बॅटऱ्या आणि सुटे भाग यांच्या रखडलेल्या फायलींचा हिशेब लेखी स्वरूपात मंत्र्यांपुढे मांडायचा, ठरावीक मुदत द्यायची, आणि मुदतीत काही घडले नाही तरच पद सोडायचे. या वाटेवर पूर्वी काय घडले होते, हे दिल्लीत सर्वांना आठवत होते. १९५९ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी संरक्षणमंत्र्यांशी मतभेद झाल्यावर राजीनामा दिला आणि पंतप्रधानांच्या आग्रहावरून मागे घेतला. त्यानंतर त्यांचे वजन पूर्वीसारखे राहिले नाही, असे मानले जाते. ३० डिसेंबर १९९८ रोजी अ‍ॅडमिरल विष्णू भागवत यांना उपप्रमुखाच्या नेमणुकीच्या वादातून थेट बडतर्फ करण्यात आले. महाराष्ट्रात ते प्रकरण अजूनही हळहळीने बोलले जाते. मंत्रालयाशी जाहीरपणे भांडणाऱ्या नौदलप्रमुखाचे पुढे काय होऊ शकते, याचा दाखला जेमतेम पंधरा वर्षांपूर्वीचा होता.

चौथा मार्ग तत्काळ राजीनाम्याचा. या मार्गाने पूर्वी राजकारणी गेले होते. १९५६ च्या अरियालूर रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले, हे उदाहरण अशा प्रसंगी हटकून निघते. पण गणवेशातील प्रमुख या वाटेने कधी गेला नव्हता.

निर्णय आणि त्याची मंजुरी

जोशींनी चौथा मार्ग निवडला. कोणाही कनिष्ठाकडे, कोणत्याही यंत्राकडे किंवा मंत्रालयाकडे बोट न दाखवता त्यांनी नैतिक जबाबदारी घेतली. आपल्या माणसांमागे उभे राहण्याचा हा एक मार्ग आहे, हे मान्य करावे लागते. ‘ऐरावत’च्या कमांडिंग अधिकाऱ्याला लावलेलाच मापदंड प्रमुखाने स्वतःला लावला.

सरकारने मात्र काय करायला हवे होते? राजीनामा आला तेव्हा दोन अधिकारी बेपत्ता होते, चौकशी सुरूही झाली नव्हती, आणि लोकसभा निवडणूक तोंडावर होती. पुढच्याच आठवड्यात, ५ मार्चला, तिचा कार्यक्रम जाहीर झाला. अशा वेळी राजीनामा काही दिवस विचारार्थ ठेवणे, प्रमुखांना बोलावून त्यांचे म्हणणे समजून घेणे, किमान चौकशीचा प्राथमिक अहवाल येईपर्यंत त्यांना थांबायला सांगणे सहज शक्य होते. तसे झाले नाही. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली आणि उपप्रमुखांकडे हंगामी कार्यभार गेला.

या घाईचा परिणाम असा झाला की उत्तरदायित्वाचा प्रश्न एका दिवसात निकाली निघाल्यासारखा वाटला. एक माणूस गेला, हिशेब मिटला. त्या माणसाला ज्या गोष्टींचे अधिकारच नव्हते, त्यांचा हिशेब कोणाकडे मागायचा, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत उरला आणि निवडणुकीच्या धामधुमीत तेथूनही नाहीसा झाला.

परिणाम

नौदल सुमारे सात आठवडे हंगामी प्रमुखाच्या हाताखाली राहिले. १७ एप्रिल २०१४ रोजी हंगामी प्रमुखांचीच कायम नेमणूक झाली. मात्र त्यासाठी ज्येष्ठतेत पुढे असलेल्या पश्चिम कमांडच्या प्रमुखांना डावलण्यात आले आणि त्यांनी मुदतीआधी निवृत्ती पत्करली. दोन्ही मोठे अपघात त्यांच्या कमांडमध्ये घडले होते, म्हणून हे योग्यच झाले, असे काहींचे म्हणणे. नैतिक जबाबदारी एकाने घेतल्यावर त्याच कारणासाठी दुसऱ्याचीही किंमत का मोजायची, असा इतरांचा सवाल. राजीनामा देताना जोशींना हा परिणाम अभिप्रेत होता की नव्हता, हे सांगता येत नाही, पण प्रमुखाचा राजीनामा त्याच्यापुरता राहत नाही, हे यातून दिसले.

अपघात थांबले नाहीत. राजीनाम्यानंतर दहा दिवसांच्या आत, ७ मार्चला, मुंबईत बांधणीच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्या ‘कोलकाता’ या विनाशिकेवर चाचणीच्या वेळी विषारी वायूमुळे एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विशाखापट्टणमजवळ टॉर्पेडो परत आणणारी नौका बुडाली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘बेतवा’ मुंबईच्या सुक्या गोदीतून पाण्यात उतरवताना कलंडली आणि दोन नौसैनिक दगावले. यावरून राजीनामा व्यर्थ होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अपघात थांबतील, असे राजीनाम्यात म्हटलेलेच नव्हते.

२०१४ च्या ऑक्टोबरात जोशींनी एका दूरचित्रवाणी मुलाखतीत मौन सोडले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा होता की व्यावसायिक कौशल्य, उत्तरदायित्व आणि जबाबदारी नौदलाकडे आहे, पण अधिकार दुसरीकडे आहेत. या गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवल्यामुळे व्यवस्थाच अकार्यक्षम झाली आहे. पाणबुडीच्या बॅटऱ्या बदलणे किंवा गोदीतील दुरुस्ती यांसारख्या बाबतींतही अंतिम शब्द नौदलाचा नसतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मुद्दा रास्त होता. पण तो मांडला गेला तेव्हा बोलणारा पदावर नव्हता, आणि ज्या सरकारला उद्देशून तो होता ते सरकारही बदलले होते.

२०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या चर्चेला आकड्यांचा आधार दिला. २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांचे व पाणबुड्यांचे ३८ अपघात झाले आणि ३३ जणांचे प्राण गेले; आग, स्फोट व पाणी शिरणे ही त्यांची सर्वांत मोठी कारणे होती. सिंधुरक्षकच्या बाबतीत कर्मचाऱ्यांच्या थकव्याचा पुरेसा विचार झाला नाही आणि पाणबुडीवर आयुर्मान संपत आलेला दारूगोळा होता, असे त्यात नमूद होते. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की सुरक्षेचा विचार करणारी संस्थात्मक चौकट नौदलात आधी नव्हतीच. २०१४ मध्ये त्यासाठी संघटना उभारली गेली, पण तिला सरकारी मंजुरी मिळायची होती.

हा अहवाल दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो, आणि म्हणूनच तो काळजीपूर्वक वाचावा लागतो. अपघातांचा सिलसिला जोशींच्या आधीपासून होता आणि नंतरही राहिला, म्हणजे ते एका प्रमुखाचे अपयश नव्हते. पण कर्मचाऱ्यांचा थकवा, दारूगोळ्याची हाताळणी, कार्यपद्धतींचे पालन या गोष्टींसाठी मंत्रालयाच्या सहीची गरज नसते. त्या नौदलाच्या स्वतःच्या घरातल्या आहेत. साऱ्या चुकांचे खापर साउथ ब्लॉकवर फोडणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांनी ही बाजू सोयीस्करपणे नजरेआड केली, असे मला वाटते.

नेतृत्वाविषयीची मते

निवृत्त नौदल अधिकाऱ्यांमध्ये जोशींविषयी आदर सार्वत्रिक आहे, मतैक्य मात्र नाही. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की देशात पूल कोसळतात, रेल्वेगाड्या घसरतात, रुग्णालयांत आगी लागतात, आणि कोणीही खुर्ची सोडत नाही. तेथे एका माणसाने शब्दांऐवजी कृतीने उत्तर दिले. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद लष्करी स्वरूपाचा आहे. प्रमुखाचे पहिले कर्तव्य दलाशी असते, स्वतःच्या सदसद्विवेकाशी नंतर. संकटात असलेल्या दलाला त्या क्षणी सर्वाधिक गरज असते ती अनुभवी माणसाची, आणि तोच निघून गेला तर खालच्यांनी कोणाकडे पाहायचे?

तिसरे एक मत कमी ऐकू येते, पण मला ते सर्वांत वजनदार वाटते. त्यानुसार जोशींनी राजीनामा दिला यात चूक नाही. चूक असलीच तर तो कारणांविना देण्यात आहे. नैतिक जबाबदारी हे शब्द उदात्त आहेत, पण ते व्यवस्थेला प्रश्न विचारत नाहीत. ऑक्टोबरातले विवेचन फेब्रुवारीत, पदावर असताना, लेखी टिपणाच्या रूपात राजीनाम्याला जोडले गेले असते, तर सरकारला तो मंजूर करताना त्या टिपणाचे काय करायचे हेही ठरवावे लागले असते. यावर असेही उत्तर दिले जाते की तसे केल्यास तो राजीनामा सौदेबाजी ठरला असता, आणि निवडणुकीच्या तोंडावर गणवेशधारी अधिकारी राजकारणात ओढला गेला असता. हे उत्तर दुर्लक्षिण्यासारखे नाही. कदाचित याच विचाराने त्यांनी मौन पत्करले असावे.

काय वेगळे करता आले असते

नौदलाच्या बाजूने पाहिले तर निर्णायक क्षण फेब्रुवारीत नव्हता, तो आधीच्या ऑगस्टमध्ये येऊन गेला होता. १८ माणसे गेल्यानंतर तपासण्या झाल्या, पण अपघातांचा एकत्रित अभ्यास करणारी कायम यंत्रणा तेव्हाच हंगामी स्वरूपात, प्रमुखाच्या स्वतःच्या अधिकारात उभी करता आली असती. हिवाळ्यातील प्रत्येक छोट्या घटनेवर एखाद्या कमांडिंग अधिकाऱ्यापुरती कारवाई करण्याऐवजी त्या एका पटावर मांडल्या गेल्या असत्या, तर त्यांतल्या कोणत्या निव्वळ योगायोगाच्या आणि कोणत्या थकव्याच्या किंवा जुन्या यंत्रांच्या निदर्शक, हे वेगळे करता आले असते. शिक्षेची भीती असली की किरकोळ चुका वर कळवल्या जात नाहीत, हे विमानवाहतुकीच्या क्षेत्राने फार पूर्वी ओळखले. तेथे चूक कळवणाऱ्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते. नौदलाच्या ‘कॅप्टन जबाबदार’ या शिस्तीत त्याला जागा कशी करायची, हा अवघड प्रश्न आहे.

सरकारच्या बाजूने सर्वांत सोपी गोष्ट होती ती थांबण्याची. राजीनामा चौकशी अहवालापर्यंत प्रलंबित ठेवला असता तर उत्तराधिकाऱ्याची निवडही घाईत, निवडणूक आचारसंहितेच्या काळात करावी लागली नसती, आणि पश्चिम कमांडच्या प्रमुखांची जबाबदारी अहवालाच्या आधारे ठरवता आली असती. शिवाय पाणबुड्यांच्या देखभालीचे निर्णय मंत्रालयात कोठे आणि किती काळ अडकले, याचीही समांतर चौकशी नेमता आली असती. अपघाताच्या चौकशीत पाणबुडीवरचा अधिकारी साक्षीला उभा राहतो. फाईल अडवणाऱ्याला तेथे बोलावण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

जोशी ऑक्टोबर २०१७ मध्ये अंदमान-निकोबारचे उपराज्यपाल झाले. ज्या द्वीपसमूहात त्यांनी एकेकाळी संयुक्त कमांड सांभाळली, तेथेच ते नागरी प्रशासनाचे प्रमुख म्हणून परतले. त्यांनी मुलाखतीत मांडलेल्या प्रश्नाकडे सरकार १ जानेवारी २०२० नंतर काही अंशी वळले. संरक्षणदल प्रमुखाचे पद आणि लष्करी व्यवहार विभाग निर्माण झाल्यावर तिन्ही दलांचे बरेचसे काम आणि महसुली खर्चातील, म्हणजे रोजचे कामकाज व देखभाल यांसाठीची, खरेदी गणवेशधारी प्रमुखाच्या विभागाकडे आली. भांडवली खरेदी, म्हणजे नवी जहाजे आणि नव्या पाणबुड्या घेण्याचा विषय, मात्र संरक्षण विभागाकडेच ठेवण्यात आला.